सायकल, डोंगर आणि सब्र

आपल्या घरांमध्ये टीव्हीवर खेळ पाहायचा म्हणजे क्रिकेट. चार वर्षांतून एकदा फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की त्याचीही हवा असते. पण सायकलची शर्यत? ती कोण तासन्‌तास बसून पाहणार? वाचक बंधुभगिनींनो, आम्ही पाहतो. जुलै महिन्यात, बाहेर पाऊस लागलेला असताना, आमच्या घरी तीन आठवडे फ्रान्सचे रस्ते दिसत असतात. हा छंद कसा करावा, त्यात काय पाहावे आणि घरातल्या मुलांना त्यातून काय मिळते, हे या लेखात सांगायचे आहे.

ही शर्यत म्हणजे 'टूर द फ्रान्स'. वेळ आपल्याला मोठी सोयीची आहे. फ्रान्समध्ये दुपार उलटते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. दिवसाचा टप्पा साधारणपणे आपल्या रात्री साडेआठ ते नऊच्या दरम्यान संपतो. म्हणजे मगरिबची नमाज आटोपून, चहाचा कप घेऊन बसले की शर्यतीचा सर्वांत रंगतदार तास हाती लागतो. संपूर्ण टप्पा पाहायची गरज नाही. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर दिवसाचा सारांश असतो.

वर्तमानपत्राच्या खपासाठी निघालेली शर्यत

1903 साली 'लोतो' नावाच्या फ्रेंच क्रीडा दैनिकाला खप वाढवायचा होता. संपादक आंरी देग्रांज यांनी संपूर्ण फ्रान्सला फेरी घालणारी सायकल शर्यत जाहीर केली. पहिल्या वर्षी 60 जण निघाले, 6 टप्प्यांत 2428 किलोमीटर अंतर होते आणि शेवटपर्यंत पोहोचले फक्त 21. मोरिस गारां हा पहिला विजेता. दैनिकाचा कागद पिवळा होता. 1919 पासून आघाडीवरच्या सायकलपटूला पिवळी जर्सी देण्यात येऊ लागली. ते दैनिक केव्हाच बंद पडले, पिवळी जर्सी मात्र टिकून आहे.

आज शर्यतीचे 21 टप्पे असतात आणि मध्ये विश्रांतीचे दोन दिवस. अंतर सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर. बावीस-तेवीस संघ, प्रत्येकात आठ जण. रोजच्या टप्प्याचा एक विजेता असतो. पण सर्व दिवसांचा वेळ एकत्र मोजला जातो आणि ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. सपाट रस्त्यावर वेगाने गुण मिळवणाऱ्याला हिरवी. पंचविशीपर्यंतच्या तरुणांत जो पुढे, त्याला पांढरी. आणि पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी असते डोंगर जिंकणाऱ्याची. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तोच हा मान.

आकाशातून दिसणारा मुलूख

ज्यांना खेळात अजिबात रस नाही, त्यांनीही ही शर्यत पाहावी ती तिच्या वाटेसाठी. हेलिकॉप्टरमधून कॅमेरा खाली पाहत असतो. सूर्यफुलांची शेते, प्रोव्हान्समधली लव्हेंडरची जांभळी रांग, नदीकाठचे जुने वाडे, द्राक्षांचे मळे, खडकांवर बसलेली गावे हळूहळू सरकत जातात. कार्कासॉनचा दुहेरी तटबंदीचा किल्ला दिसला की किल्ल्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांचे डोळे विस्फारतात. शेतकरीही मागे राहत नाहीत. गवताचे भारे आणि ट्रॅक्टर मांडून ते शेतात सायकलीचे भलेमोठे चित्र तयार करतात, का तर ते वरून दिसावे म्हणून.

मग डोंगर येतात. आल्प्समधला गालिबिए घाट 2642 मीटरवर आहे, पिरेनीजमधला तुर्माले 2115 मीटरवर. आपले महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे ही माणसे कळसूबाईपेक्षा उंच सायकल चालवत जातात, आणि काही वेळा एका दिवसात असे दोन-तीन घाट. आल्प द्युएझचा चढ जवळपास 14 किलोमीटरचा आहे, त्याला 21 वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर पूर्वी तिथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी आहे. मों व्हांतूचा माथा तर उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा. झाड नाही, सावली नाही. अल्लाहने घडवलेला एवढा मोठा पसारा आणि त्यावर मुंगीसारखी चढणारी माणसे एकाच चित्रात दिसतात, तेव्हा निवेदकाने गप्प बसावे असे वाटते.

घरी पाहताना आम्ही जवळ एक नकाशा ठेवतो. आजचा टप्पा कुठून कुठे, ते मुलांनी बोटाने शोधायचे. तीन आठवड्यांत फ्रान्सच्या नद्या आणि डोंगर त्यांना पाठ न करता ठाऊक होतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ही शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहायला तिकीट लागत नाही. आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या टाकून, डबा घेऊन सकाळपासून बसलेले असतात. खेळाडू त्यांच्या दारावरून जातो. इतका मोठा खेळ इतक्या साध्या रीतीने क्वचितच पाहायला मिळतो.

एकटा जिंकतो, पण एकट्याच्या बळावर नाही

सुरुवातीला पाहणाऱ्याला कोडे पडते. शंभर-दीडशे लोक एकाच घोळक्यात चालले आहेत, मग शर्यत कुठे आहे? उत्तर आहे वाऱ्यात. पुढचा माणूस वारा कापतो, त्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याची जवळपास एक तृतीयांश शक्ती वाचते. या मोठ्या घोळक्याला 'पेलोटॉन' म्हणतात. सकाळी काही जण त्यातून निसटून पुढे पळतात. शेवटच्या तासात पाहण्याची गंमत हीच: पडद्यावर पळालेल्यांची आघाडी मिनिटांत दाखवतात आणि मागचा घोळका ती हळूहळू खात येतो. कधी अंतिम रेषेच्या काही मीटर आधी पकडतो, कधी हातोहात निसटू देतो.

संघातल्या आठांपैकी बहुतेकांना स्वतःसाठी जिंकायचेच नसते. ते वाऱ्याच्या तोंडी राहतात, गाडीपाशी मागे जाऊन साऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतात, नायकाची सायकल बिघडली तर आपली देतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. नाव हलके आहे, काम नाही.

1934 साली रने व्हिएतो हा अवघ्या वीस वर्षांचा पोरगा डोंगरांत सर्वांत सरस होता. पिरेनीजमध्ये त्याच्या संघाचा नायक आंतोनँ माग्न याचे चाक निकामी झाले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. त्याचे ते छायाचित्र आजही ओळखले जाते. दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर पुन्हा माग्नची सायकल बिघडली. व्हिएतो पुढे होता. तो उलटा वळला, चढ चढून मागे गेला आणि आपली सायकल देऊन टाकली. माग्न ती टूर जिंकला, व्हिएतो पाचवा आला. त्याला पुढेही टूर कधी जिंकता आली नाही.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो की पिवळ्या जर्सीकडे पाहा, पण तिच्यापुढे जो माणूस तोंड उघडे टाकून वारा कापतो आहे, त्याचाही नंबर वाचून ठेवा. अर्ध्या तासाने तो दमून बाजूला होईल आणि कॅमेरा त्याला विसरेल.

झाडाखाली कोसळलेला माणूस

या शर्यतीच्या इतिहासात एक मुसलमान सायकलपटू आहे, ज्याच्यावर लोक अनेक वर्षे हसले. अब्दुलकादर झाफ, अल्जीरियाचा. अल्जीरियावर तेव्हा फ्रान्सचे राज्य होते आणि उत्तर आफ्रिकेचा संघ टूरमध्ये उतरत असे. 27 जुलै 1950. पेर्पिन्यां ते नीम हा टप्पा, दक्षिण फ्रान्सचे भाजून काढणारे ऊन. झाफ आणि त्याच्याच संघाचा मार्सेल मोलिनेस पळाले आणि घोळका कितीतरी मागे पडला. नीम जवळ आले असताना झाफ झोकांड्या खाऊ लागला, कोसळला, एका झाडाखाली पडून राहिला. मग उठला, सायकलवर बसला आणि उलट्या दिशेने निघाला. टप्पा मोलिनेसने जिंकला.

झाफच्या अंगाला दारूचा वास येत होता. बस, एवढ्यावर 'दारू पिऊन झाडाखाली झोपलेला अरब' ही कथा जगभर झाली. त्या दिवसाची हकीकत वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते. कुणी म्हणते, उन्हाने बेशुद्ध पडलेल्या माणसाला शुद्धीवर आणायला द्राक्षांच्या त्या मुलखातल्या लोकांनी जवळ होती ती वाइन त्याच्यावर ओतली. कुणी म्हणते, तहानेने त्याने हाती आलेली बाटली तोंडाला लावली. कुणी उत्तेजक गोळ्यांचा संशय घेते. दुसऱ्या दिवशी राहिलेले अंतर पुरे करून पुन्हा शर्यतीत येऊ द्या, अशी विनंती त्याने केली आणि ती मान्य झाली नाही, असेही सांगतात.

नक्की काय, हे अल्लाहला ठाऊक. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे वर्ष. 1951 साली झाफ परत आला. ज्या रस्त्यांवर लोक त्याला हसले होते, त्याच देशात त्याने पुन्हा सारे डोंगर ओलांडले आणि शर्यत पुरी केली. पुरी करणाऱ्या 66 जणांत तो शेवटचा होता. शेवटच्याला या शर्यतीत 'लाल कंदील' म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल कंदील असतो, त्यावरून. कोसळलेला माणूस सगळ्यांना आठवतो, परत आलेला फार थोड्यांना.

काळ बदलतोही. 1 जुलै 2024 रोजी इरिट्रियाच्या बिनियम गिरमाय याने तुरीनला टप्पा जिंकला. टूरच्या इतिहासात टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्या वर्षी त्याने तीन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सी घरी नेली.

काळी बाजूही मुलांना सांगावी

सारे काही सुंदर नाही. 13 जुलै 1967 रोजी मों व्हांतूच्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला; ऊन होते, आणि शरीरात उत्तेजक औषध व मद्यही सापडले. 1995 साली ऑलिंपिक विजेता फाबिओ कासार्तेली पोर्ते दास्पेच्या उतारावर पडून गेला. हा तोच घाट, जिथे व्हिएतो मागे वळला होता. दुसऱ्या दिवशी कुणीही शर्यत केली नाही; सगळे संथ चालले आणि अंतिम रेषा सर्वांच्या आधी त्याच्या संघातल्या सोबत्यांनी ओलांडली. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले ते 2003 साली, आणखी एक जीव गेल्यानंतर. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे 2012 मध्ये काढून घेतली गेली, आणि त्या सात वर्षांच्या रकान्यात आज विजेत्याचे नाव नाही. मुलगा विचारतो, "हा खरा जिंकतोय ना?" तेव्हा हा रिकामा रकाना त्याला दाखवावा. फसवून मिळवलेले हातात राहत नाही, हे सांगायला वेगळे प्रवचन लागत नाही.

मुलींसाठी

2022 पासून महिलांची टूर नव्या रूपात सुरू झाली आहे. 2024 मध्ये आठ टप्प्यांनंतर पोलंडची काशिया निएविआडोमा केवळ चार सेकंदांनी जिंकली, तीही आल्प द्युएझच्या माथ्यावर. आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत फरिबा आणि युलदुझ हाशिमी या अफगाण बहिणी उतरल्या. तालिबान परतल्यानंतर त्यांना देश सोडावा लागला होता. 2022 साली अफगाण महिलांची राष्ट्रीय शर्यत स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावी भरवावी लागली. फरिबा पहिली आली, युलदुझ दुसरी. आपली मुलगी शाळेला सायकलने जात असेल, तर तिला या दोघींची नावे ठाऊक असावीत.

यंदाच्या जुलैत

एक डोंगराचा टप्पा निवडा आणि फक्त शेवटचा तास पाहा. विजेता आला, हात उंचावले, की बहुतेक लोक टीव्ही बंद करतात. तुम्ही थोडे थांबा. मागे अजून एक घोळका चढतो आहे, अंगाने जड, सपाट रस्त्यावरचे वेगवान गडी. त्यांना जिंकायचे नाही. विजेत्याच्या वेळेवरून ठरवलेली एक मुदत असते. तिच्या आत वर पोहोचले नाही तर उद्या सुरुवातीला उभे राहता येत नाही. त्या मुदतीसाठी ते एकमेकांना सोबत घेऊन, एका लयीत चढत असतात. कॅमेरा त्यांच्याकडे कधी वळतो, कधी नाही. वळला, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून घड्याळाकडे पाहावे आणि ते पोहोचेपर्यंत कुणी जेवायला उठू नये.