बिबट्याचे ठिपके आणि माणसाचा गर्व

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील बागायतदारांना बिबटा परका नाही. काजूच्या बागेत उमटलेला पंजा किंवा रात्रीत अंगणातून नाहीसा झालेला कुत्रा त्याची वर्दी देतो. नीतिकथेने मात्र या प्राण्याला गर्विष्ठ ठरविले आहे.

सतराव्या शतकातील फ्रेंच कवी ला फोंतेन याच्या एका कथेत माकड आणि बिबटा जत्रेत आपापला खेळ मांडतात. बिबटा आपल्या ठिपकेदार कातड्याची थोरवी गातो. आपण मेल्यावर राजाला हे कातडे हवे आहे, असेही अभिमानाने सांगतो. लोक येतात, पाहतात आणि लगेच निघून जातात. माकडाचे कसब मात्र सर्वांना रिझविते. वैविध्य पोशाखात नव्हे, बुद्धीत असावे, हा कथेचा बोध. ही कथा इसापाच्या परंपरेतली असली, तरी आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या १६७८च्या प्रस्तावनेत ला फोंतेनने ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. पिल्पेच्या नावाने युरोपात पोहोचलेल्या कथांचे मूळ पंचतंत्रात आहे.

अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दाली याने १९७४ मध्ये ला फोंतेनच्या कथांवर मुद्राचित्रांची मालिका केली. तीत ही कथाही आहे. या चित्रांसाठी ‘ड्रायपॉइंट’ पद्धत वापरली गेली. तीत तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार सुईने थेट ओरखडे काढतात. ओरखड्याच्या कडेला उचललेला धातू शाई धरून ठेवतो, त्यामुळे छापील रेषा मखमलीसारखी मऊ दिसते. गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कलेतही आकृती कोरूनच उमटते. तेथे मात्र शाई नसते, तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला जातो.

अतिवास्तववाद स्वप्नाच्या तर्काने चालतो. बोलणारे, बढाई मारणारे प्राणी त्याला जवळचे वाटावेत, हे स्वाभाविकच.

निसर्गाचा तर्क मात्र वेगळा आहे. बिबट्याचे ठिपके मिरविण्यासाठी नसून लपण्यासाठी असतात. पानांतून झिरपणाऱ्या उन्हात ते त्याला दिसेनासा करतात. कोणत्याही दोन बिबट्यांचे ठिपके तंतोतंत सारखे नसतात. म्हणूनच कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून त्यांची गणना करता येते. कातडे अंगावर मिरविण्याची हौस राजाची, म्हणजे माणसाची. त्या हौसेपायी असंख्य बिबटे मारले गेले. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याची शिकार आणि त्याच्या कातड्याचा व्यापार गुन्हा ठरविला.

कथेतील गर्व खरा आहे. तो फक्त चुकीच्या प्राण्याच्या माथी मारला गेला आहे.