आधण ठेवल्यापासून गाळेपर्यंत

चहाने डोकं शांत होतं असं घरोघरी म्हटलं जातं, आणि ते खरंही आहे. पण त्याचं सगळं श्रेय आपण कपातल्या चहाला देऊन मोकळे होतो. माझ्या मते निम्मा आराम कप हातात येण्याआधीच मिळालेला असतो. पातेलं गॅसवर चढल्यापासून चहा गाळून होईपर्यंतची जी सात-आठ मिनिटं असतात, त्यांत.

पाणी कपाने मोजून घ्यायचं, साखर टाकायची, आल्याचा तुकडा ठेचायचा, कुंडीतली गवती चहाची पात कापून, गाठ मारून आधणात सोडायची. यातलं एकही काम अवघड नाही, पण लक्ष दिल्याशिवाय एकही होत नाही. दूध उतू जाईल या धाकाने नजर पातेल्यावर राहते. उकळीचा आवाज बदलला की पावडर टाकायची वेळ झाल्याचं कानाला कळतं. सकाळपासून मनात घोळणारा विषय तेवढा वेळ बाजूला पडतो, कारण हात, नाक, डोळे सगळेच दुसरीकडे गुंतलेले असतात. शिवाय या कामाला शेवट आहे आणि तो लगेच येतो. दिवसभरातली किती कामं सुरू करून दहा मिनिटांच्या आत पुरी झालेली आपण पाहतो?

वासाचा वाटा यात मोठा आहे. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या द्रव्यामुळे. लिंबाच्या सालीतही तेच असतं. पात नुसती टाकण्यापेक्षा चुरगळून टाकली की ते जास्त सुटतं. आल्याचं तंत्र वेगळं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक विकर असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं आणि दूध नंतर घालायचं. आपल्या आज्या-पणज्यांना विकर ठाऊक नव्हतं, क्रम मात्र अचूक ठाऊक होता.

हा चहा आपल्या स्वयंपाकघरात येऊन फार काळ झालेला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका सभेत मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्या काळात घरच्यांना काय सोसावं लागलं ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. एका कपाने एवढा मनस्ताप दिला होता!

पुढे चहाच्या व्यापाऱ्यांनीच आपल्याला चहा प्यायला शिकवलं. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. चहा कसा करावा हे सांगणाऱ्या एनॅमलच्या पाट्या देशी भाषांतून लागल्या. त्यांचा आग्रह असा की उकळतं पाणी पत्तीवर ओतावं, झाकून मुरू द्यावं, दूध-साखर वरून घालावी. आपण ऐकलं, आणि मग आपल्याला हवं तेच केलं. १९३०च्या सुमारास आसामातल्या एका मळ्यात पाने चिरडून, फाडून, वळवून दाणेदार चहा करणारं सीटीसी यंत्र आलं. हा दाणा उकळीला टिकतो, दुधातही त्याचा रंग आणि कडकपणा हरवत नाही. आज वाण्याकडून आपण जे मिक्श्चर आणतो ते बहुतेक याच जातीचं. मुरवलेला की उकळलेला, हा वाद घरोघरी चालतो. मला विचाराल तर सकाळचा उकळलेला आणि दुपारचा झाकण ठेवून मुरवलेला. दुपारी घाई नसते, आणि झाकणाखालची तीन-चार मिनिटं काहीही न करता उभं राहायला मिळतं.

आता कपाकडे वळू. चहात कॅफिन असतं, साधारण एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम. थकव्याचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या अॅडेनोसिनची जागा ते अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. त्याच्याच जोडीला चहाच्या पानात थिआनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते १९४९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. थिआनिनमुळे जागेपणीच्या स्वस्थतेशी जोडलेल्या अल्फा लहरी मेंदूत वाढतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. मात्र अशा प्रयोगांत पुष्कळदा २०० मिलिग्रॅमपर्यंत थिआनिन दिलं जातं, आणि आपल्या दुधाच्या एका कपात ते त्याच्या फार खाली असतं. तेव्हा सगळी शांती थिआनिनच्या खात्यावर टाकता येणार नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास मला जास्त विश्वासाचा वाटतो. ७५ तरुणांपैकी काहींना सहा आठवडे रोज चहा दिला, इतरांना तशाच चवीचं, कॅफिन असलेलं पण चहा नसलेलं पेय. मग सगळ्यांना मुद्दाम ताण येईल अशी कामं करायला लावली. ताण दोन्ही गटांना सारखाच आला. फरक पडला तो नंतर. ५० मिनिटांनी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चहावाल्यांत सरासरी ४७ टक्क्यांनी उतरलं होतं, इतरांत २७ टक्क्यांनी. म्हणजे चहाने संकट टळलं नाही, सावरायला मदत झाली. रोज चहा पिणाऱ्याचा अनुभव याहून वेगळा नसतो.

आणि फुंकर! गरम चहावर फुंकर घालताना आपण नकळत लांब उच्छ्वास सोडतो. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती जराशी मंदावते, हा शरीराचा धर्म आहे. प्राणायामाच्या वर्गात जे मुद्दाम शिकवतात ते चहाच्या कपाशी आपोआप होतं, फक्त घाईने घोट घेतला नाही तर. बशीत ओतून पिणाऱ्यांना हल्ली गावंढळ समजतात. पण ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये दिला. बशीत चहा पसरतो आणि चटकन निवतो. बशी पुन्हा काढा.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. सकाळच्या पहिल्या कपाने मिळणारं समाधान काही अंशी तलफ भागल्याचं असतं. रात्रभर कॅफिन न मिळाल्याने जड झालेलं डोकं त्याने हलकं होतं. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असू शकतं. झोप उडत असेल तर त्या वेळी पावडर न घालता नुसत्या गवती चहाचं आधण करा. त्यात कॅफिन नसतं आणि करण्याचा आनंद तेवढाच मिळतो. गरोदर स्त्रियांनी दिवसभरात २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोहाची. चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा टाळावा, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. पोहे आणि चहा, पोळी आणि चहा ही तर आपली न्याहारी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण न्याहारीचा चहा तासभर पुढे ढकलायला एक पैसाही लागत नाही.

त्याच स्त्रियांविषयी शेवटचं. करण्यातली शांतता स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेळी केलेल्या चहाची. सकाळी सासऱ्यांचा बिनसाखरेचा, नवऱ्याचा कडक, मुलांचं दूध, मग आलेल्या पाहुण्यांचा, असा चौथ्यांदा आधण ठेवणारीला ती मिळत नाही. तिचा स्वतःचा कप ओट्यावर निवून जातो, तो ती पुन्हा गरम करते किंवा उभ्यानेच संपवते. त्या लंडनच्या अभ्यासातही सगळे पुरुषच होते.

तुमच्या घरी रोज चहा कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीत पाहुण्यांची वर्दळ असेल, तेव्हा एका वेळचा चहा तुम्ही करा. तिला साखर किती लागते, आलं चालतं की वेलदोडा, हे विचारून घ्या; कदाचित इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसेल. चहा गाळून तिच्या हातात द्या, आणि तो संपेपर्यंत तिला उठू देऊ नका.