ब्रेकिंग : स्पर्धेतलं नृत्य

उगम : न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, 1970चं दशक. नाचणारे बी-बॉय आणि बी-गर्ल. ‘ब्रेकडान्स’ हे नाव माध्यमांनी रूढ केलं. नर्तक ‘ब्रेकिंग’च म्हणतात.

सामना (बॅटल) : दोघं समोरासमोर, आळीपाळीने नाचतात. एक फेरी साधारण मिनिटभराची. गाणं डीजे निवडतो, ते नर्तकाला आधी माहीत नसतं. त्यामुळे पाठ केलेला नाच इथे पुरत नाही.

चार अंगं
- टॉप रॉक : उभ्याने केलेली पावलं
- डाउन रॉक : हात जमिनीला टेकवून पायांचं काम
- पॉवर मूव्ह : डोक्यावर, पाठीवर, हातांवर गिरक्या
- फ्रीझ : तालावर अचानक गोठणं

गुणांकन (पॅरिस ऑलिम्पिक 2024) : 9 परीक्षक. तंत्र, हालचालींचं वैविध्य, सफाई, संगीताची जाण, नावीन्य. प्रत्येकी 20 टक्के.

युवा ऑलिम्पिक : वयोगट 15 ते 18. ब्रेकिंगचा पहिला प्रवेश 2018मध्ये, ब्युनोस आयर्सला. मुलींत जपानची राम, मुलांत रशियाचा बंबलबी विजेता.

ऑलिम्पिक : पॅरिस 2024. सुवर्णपदकं जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांना. लॉस एंजेलिस 2028च्या कार्यक्रमात ब्रेकिंग नाही.