बी. ए. ला समाजशास्त्र घेऊन काय होणार?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरगी समाजशास्त्र घ्यायचं म्हणतेय. त्याने नोकरी लागते का?" प्रश्न चुकीचा नाही, फी भरणाऱ्याने तो विचारायलाच हवा. उत्तर खाली देतो, पण आधी हा विषय शिकवतो काय ते बघू.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेचं हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास काही मुलं दिसेनाशी होतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. आपण शेरा मारतो, 'अनियमित'. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळेही होतो. समाजशास्त्र नीट शिकलेला विद्यार्थी इथे थांबतो. किती मुलं? कोणत्या वस्तीवरची? दरवर्षी तीच घरं का? विचारत विचारत तो ऊसतोडीपर्यंत पोचतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि पाच-सहा महिने बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत राहतं. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण सोबत जाते. वयात आलेल्या मुलीला गावी एकटं ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती, म्हणून तिचं लग्न लवकर उरकतात. लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता! बालविवाहामागे नुसता अडाणीपणा नसतो, मजुरीची ही रीतही असते. मग हंगामी वसतिगृह का लागतं ते कळतं. नुसत्या जनजागृती फेरीने (आपण सगळ्यांनीच त्यात घोषणा दिल्यात) मुलगी शाळेत टिकत नाही.

एकेकट्याचा दोष वाटतो त्यामागे समाजाची घडण शोधायची, हेच या शास्त्राचं मूळ काम. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्ये आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या गोष्टीचे आकडे मांडून दाखवलं, की माणूस धर्म, कुटुंब, समूह यांच्याशी किती बांधलेला आहे याचा तिच्याशी संबंध असतो. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी निबंध वाचला आणि जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमामुळे, असं मांडलं. आपल्याकडेही हा विषय काही नवा नाही. मुंबई विद्यापीठात तो 1919 पासून आहे. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी तिथे विद्यार्थ्यांची पिढी घडवली. इरावती कर्वे यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली ती त्या लोकांमध्ये जाऊन.

आता नोकरी. पदवी हातात पडली आणि नोकरी लागली, असं होत नाही, हे स्पष्ट सांगतो. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम. ए. आणि बी. एड. लागतं, वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन संस्थांमध्ये जाता येतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे, 500 गुणांचा. पण तेवढ्यासाठीच घ्यायचा असेल तर माझं मत विचाराल तर घेऊ नका. परीक्षेत यश नाही आलं तर तीन वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात.

आणखी एक अडचण म्हणजे आपली कॉलेजं. पुष्कळ ठिकाणी हा विषय गाईडवर चालतो. 'समाजाच्या पाच व्याख्या लिहा' एवढ्यावर वर्ष सरतं. तसं शिकून काहीच हाती लागत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन बसा. मुलं क्षेत्रभेटीला जातात का, प्रश्नावली स्वतः तयार करतात का, मुलाखती घेतात का, हे विचारा. मागच्या वर्षीचे प्रकल्प बघायला मागा. दहा प्रकल्पांत तोच मजकूर उतरवलेला दिसला, तर दुसरं कॉलेज बघा, बस बदलावी लागली तरी चालेल.