सरकत्या पेशीच्या मागे राहणाऱ्या पिशव्या

मायग्रेसोम म्हणजे सरकणाऱ्या पेशीने मागे सोडलेली पटलाची सूक्ष्म पिशवी. पेशी पुढे जाते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला बारीक तंतू ताणले जातात आणि त्यांच्या टोकांवर किंवा फाट्यांवर हे फुगे धरतात. तंतू अभ्यासकांना अनेक दशके ठाऊक होते. फुग्यांकडे मात्र जवळजवळ दुर्लक्षच झाले. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील ली यू यांच्या गटाने २०१५ च्या शोधनिबंधात त्यांना हे नाव दिले. व्यास अर्धा ते तीन मायक्रोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आत दाटीने बसलेल्या पुटिका दिसतात, थेट डाळिंबाच्या दाण्यांसारख्या.

फुगा धरतो कसा? टेट्रास्पॅनिन कुळातील प्रथिने आणि कोलेस्टेरॉल तंतूवर एका जागी गोळा होतात, तिथले पटल ताठर होते आणि फुगते. पेशी निघून गेल्यावर तंतू तुटतो. सुटलेली पिशवी फुटून आतला ऐवज सांडते किंवा मागून येणारी पेशी ती गिळते.

म्हणजे हा नुसता कचरा नव्हे. झेब्राफिशच्या भ्रूणात या पिशव्या रासायनिक संकेत ठरावीक जागी साठवतात. त्या कमी झाल्या की अवयवांची घडण बिघडते, असे २०१९ मध्ये दिसले. तरी कचऱ्याचे कामही त्या करतातच: बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा निर्माण करणारे आपले घटक, पेशी याच वाटेने बाहेर टाकते, हे २०२१ मध्ये उंदरांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींत आढळले. तिथे ही वाट बंद पडली, तर पेशींची ऊर्जानिर्मिती खालावते.