पोकेमॉन : सुरुवात कुठून करायची?

ऑक्टोबर उजाडला की झिंडेलफिंगेन-ब्योब्लिंगेन परिसरातल्या मराठी आईबाबांच्या गप्पांत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, यंदा भारतातून चकलीची भाजणी कुणी आणली आहे का. आणि दुसरा, 'लेकाला पोकेमॉनचा गेम हवाय, पण त्यातला कोणता घेऊ? किती आहेत ते!' पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहसा दोन फोनांत मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही. दुकानात गेलो तर कपाटभर खोकी, प्रत्येकावर वेगळा प्राणी, वेगळं नाव आणि कुठेही 'भाग पहिला' असं लिहिलेलं नाही. शिवाय नवा गेम 50-60 युरोंचा, म्हणजे चुकून घेऊन बघण्याची वस्तू नव्हे. म्हणून हा लेख.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना पोकेमॉन ठाऊक आहे तो टीव्हीमुळे. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर तो भारतात आला आणि शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी एक पिढीच तयार झाली. चिप्सच्या पाकिटातले टॅझो गोळा करणारे ते आपणच. पण टीव्हीवरची मालिका हे त्याचं दुसरं रूप. मूळ पोकेमॉन म्हणजे खेळ.

सातोशी ताजिरी हे त्याचे जनक. टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढलेल्या या मुलाला किडे गोळा करायचा विलक्षण नाद होता. आपल्याकडे मुलं चतुर पकडायची, काजवे बाटलीत ठेवायची, तसंच. पुढे शहर पसरलं, शेततळी बुजली, किडे गेले. मोठेपणी ताजिरींनी दोन गेम बॉय एका वायरने जोडलेले पाहिले, तेव्हा त्या वायरीवरून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जातोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यातून फेब्रुवारी 1996 मध्ये जपानमध्ये 'लाल' आणि 'हिरवा' असे दोन खेळ निघाले. जर्मनीत ते 1999 मध्ये 'लाल' आणि 'निळा' म्हणून आले. एकूण 151 प्राणी, पण एका खेळात सगळे सापडतच नाहीत. काही फक्त लालमध्ये, काही फक्त निळ्यात. सगळे हवे असतील तर दुसऱ्याकडे जाऊन अदलाबदल करायलाच हवी. खेळ जोडीने निघण्याचं हे कारण आजही तसंच आहे.

पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं का?

नाही. आणि ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. महाभारत कुठून सुरू होतं? खुद्द आदिपर्वातच म्हटलं आहे की कुणी हे आख्यान मनूपासून वाचतात, कुणी आस्तीकाच्या कथेपासून, तर कुणी उपरिचर राजापासून. ज्या ग्रंथाने स्वतःच इतकी मोकळीक दिली, तो वाचलेल्या घरात गेमचा क्रमांक शोधत बसायला नको.

पोकेमॉनमध्ये दर वेळी गोष्ट नव्याने सुरू होते. एक लहान मुलगा किंवा मुलगी, एक छोटं गाव, एक प्राध्यापक किंवा गुरुजी. ते तीन प्राण्यांतून एक निवडायला सांगतात : गवताचा, आगीचा किंवा पाण्याचा. मग प्रवास. गावोगावचे आठ आखाडे जिंकायचे आणि शेवटी विजेत्याशी सामना. थोड्याफार फरकाने 1996 पासून 2022 पर्यंतच्या नऊ पिढ्यांचा सांगाडा हाच. बदलतो तो प्रदेश. अपवाद थोडे : 2012 चे 'ब्लॅक 2' आणि 'व्हाइट 2' हे आधीच्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'ची पुढची गोष्ट सांगतात, ते मात्र क्रमाने खेळावेत.

सगळ्या मालिका अशा नसतात. 1987 पासून चालू असलेल्या 'फायनल फँटसी'मध्ये प्रत्येक क्रमांकाला नवं जग आणि नवी माणसं, म्हणून कुठूनही शिरा. उलट जर्मनीत, रुर भागात तयार झालेल्या 'गॉथिक'ची गोष्ट 2001 च्या पहिल्या भागातून दुसऱ्यात सरळ पुढे जाते. तिथे पहिल्यापासून गेलेलं बरं. पण त्या मोठ्या मुलांच्या गोष्टी.

मग कोणता?

निन्टेन्डो स्विच घरात आहे असं धरून सांगते.

*लेट्स गो पिकाचू किंवा लेट्स गो एवोली (2018).* पहिल्या खेळाचाच प्रदेश, पण नव्या रूपात आणि सोपा. रानातल्या प्राण्यांशी लढायचं नाही, फक्त चेंडू फेकून पकडायचं. दुसरं माणूस दुसरा कंट्रोलर हलवून मध्येच सामील होऊ शकतं, त्यामुळे धाकटं भावंड किंवा आजोबाही सोबत खेळू शकतात. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी माझं मत याला.

*श्वेर्ट आणि शिल्ड, म्हणजे तलवार आणि ढाल (2019).* ब्रिटनच्या धर्तीवरचा प्रदेश. वाट बऱ्यापैकी सरळ, एकामागून एक आखाडे, मूल हरवत नाही. आठ-दहा वर्षांसाठी चांगला.

*कार्मेझिन आणि पुर्पुर (2022).* स्पेनच्या धर्तीवरचा, चारी दिशांना मोकळा प्रदेश. कुठेही आधी जा. चार जण एकत्र हिंडू शकतात. नायक चक्क शाळेत जातो, तासांना बसतो, परीक्षा देतो. माझ्यातली शिक्षिका इथे अर्थातच खूश. चित्र मधूनमधून अडखळतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही. ज्याला कुणी वाट दाखवलेली आवडत नाही, अशा मुलाने इथूनच सुरुवात करावी.

*लेगेंडेन : आर्केउस (2022) आणि लेगेंडेन : झेड-ए (2025).* दोन्ही चांगले, पण नेहमीच्या रीतीचे नाहीत. आधी एखादा साधा खेळ झाला की मग.

जुन्या गेम बॉयचे खेळ फ्लोमार्क्टमध्ये दिसतात आणि बाबालोकांचे हात शिवशिवतात. (आपण त्याला 'कॅसेट' म्हणायचो.) घ्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या दोन पिढ्यांच्या कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी असते. ती संपली की खेळ चालतो, पण जतन होत नाही. तासभर खेळून बंद केलं की सगळं पुसलं जातं. आणि नकली कार्ट्रिजही बाजारात पुष्कळ आहेत. शिवाय या जुन्या कार्ट्रिजवर एकाच खेळाडूची जागा असते. स्विचवर घरातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र खेळ राहतो, त्यामुळे दोन भावंडांना एकच गेम पुरतो.

खोक्यावरचा यूएसकेचा रंगीत चौकोनही पाहा. पांढरा सगळ्यांसाठी, पिवळा 6 वर्षांपासून, हिरवा 12, निळा 16 आणि लाल 18. हा शिक्का खेळ कठीण की सोपा ते सांगत नाही, फक्त तो त्या वयाला योग्य आहे की नाही ते सांगतो. कठीण-सोप्याचा विचार आपणच करायचा.

खरा प्रश्न भाषेचा

पोकेमॉनच्या या खेळांत पात्रं आवाजात बोलत नाहीत. सगळं संभाषण पडद्यावर लिहून येतं. म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलाला तो खेळता येत नाही. दर मिनिटाला 'आई, काय लिहिलंय?' सुरू होतं. ग्रुंडशूलेची दुसरी झाली की मूल पुरेसं वाचू लागतं. त्याआधी घाई नको.

आणि सुरुवातीलाच खेळ विचारतो : कोणत्या भाषेत? जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जपानी, कोरियन, चिनी. मराठी नाही, हिंदीही नाही. (फोनवरचा 'पोकेमॉन गो' 2023 पासून हिंदीत आहे, पण तो निराळा खेळ.) एकदा निवडलेली भाषा मध्येच बदलता येत नाही. बदलायची तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून गेम कोणता, यापेक्षा या एका पडद्यावर जरा जास्त वेळ थांबावं.

कारण पोकेमॉनची नावं भाषेनुसार बदलतात. पिकाचू सगळीकडे पिकाचू. पण भारतातल्या भावाचा चारमँडर इथे ग्लुमांडा होतो. 'ग्लूट' म्हणजे निखारा आणि 'सालामांडर' यांची ती जोड. बल्बासॉरचा बिसासाम, स्क्वर्टलचा शिगी, आणि सदा झोपलेला स्नॉरलॅक्स इथे रेलाक्सो. सायडकचा एंटोन, कारण 'एंटे' म्हणजे बदक. 'विष' या प्रकाराला जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणतात. हे पहिल्यांदा वाचणाऱ्या भारतातल्या भावंडाला वाटतं, काहीतरी भेट मिळतेय!

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रविवारी सकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल. आजी-आजोबांना नमस्कार झाला, 'जेवलास का' झालं, आणि मग दोन भावंडं समोरासमोर. इथला म्हणतो ग्लुमांडा, तिथली म्हणते चारमँडर. दोघंही एकाच प्राण्याबद्दल बोलतायत हे कळायलाच पाच मिनिटं जातात. तोवर एकाचा उत्साह संपलेला असतो. परदेशात वाढणाऱ्या मुलांचं भारतातल्या भावंडांशी बोलणं कसं आटत जातं, हे आपण सगळे पाहतो. विषय उरत नाहीत, हे त्याचं मोठं कारण. हा एक विषय आयता चालून आलेला आहे, तो नावांपायी निसटू देऊ नये.

माझं मत असं. मूल इथल्या शाळेत असेल, तर खेळ जर्मनमध्येच सुरू करावा. वाचनाला जोर मिळतो, आणि शाळेच्या आवारात ज्या नावांनी गप्पा चालतात ती नावं त्याच्या तोंडी असतात. नव्याने आलेल्या मुलाला तर या गप्पांइतकं जर्मन दुसरं काहीच लवकर शिकवत नाही. ज्या मुलाला जर्मन अजून जड जातं, त्याने पहिला खेळ इंग्रजीत खेळावा. खेळातलं वाचन हे शिक्षा वाटता कामा नये.

आणि भारतातल्या भावंडांसाठी? तिथे क्रमांक मदतीला येतो. प्रत्येक पोकेमॉनचा राष्ट्रीय यादीतला क्रमांक सगळ्या भाषांत एकच असतो. 1 बिसासाम किंवा बल्बासॉर, 4 ग्लुमांडा किंवा चारमँडर, 7 शिगी किंवा स्क्वर्टल, 25 पिकाचू, 133 एवोली किंवा ईव्ही, 143 रेलाक्सो किंवा स्नॉरलॅक्स. एका कागदावर तीन रकाने करा : क्रमांक, जर्मन नाव, इंग्रजी नाव. फ्रिजवर लावा. आणि क्रमांक मराठीत म्हणायला लावा. आपले 'पंचवीस' आणि जर्मन 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिग' दोन्ही आधी पाच म्हणतात, मग वीस. इंग्रजी उलट चालते. एकदा हे दाखवून दिलं की मुलं मराठी अंक गमतीने म्हणू लागतात. 'त्रेचाळीस'ला अडलेलं मूल 'एकशे त्रेचाळीस' मात्र विसरत नाही, कारण तो रेलाक्सो असतो.

भाषा वेगळी असण्याचा एक फायदाही आहे. 2006 च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'पासून या खेळांत एक सोय आहे : वेगवेगळ्या भाषांच्या खेळांतून आलेल्या दोन पोकेमॉनची जोडी जमवली, तर अंड्यातून दुर्मीळ रंगाचं पिल्लू निघण्याची शक्यता वाढते. कार्मेझिन आणि पुर्पुरमध्ये एरवी 4096 मध्ये एक असणारी शक्यता साधारण 683 मध्ये एक होते. म्हणजे पुण्याचा इंग्रजी आणि झिंडेलफिंगेनचा जर्मन पोकेमॉन एकत्र आले तर दोघांचाही फायदा.

त्यासाठी दोन्ही घरांनी आधी बोलून ठरवावं. एकाकडे कार्मेझिन असेल तर दुसऱ्याकडे पुर्पुर हवा. एकाकडे लेट्स गो आणि दुसऱ्याकडे शिल्ड असेल तर थेट अदलाबदल होत नाही. लांबून अदलाबदल करायला निन्टेन्डोचं पैसे भरून घ्यायचं ऑनलाइन सदस्यत्व दोघांकडे लागतं. समोरासमोर बसले तर लागत नाही. स्विचच्या कार्ट्रिजला प्रदेशाचं कुलूप नाही, त्यामुळे कुठेही घेतलेला गेम इथे चालतो. जुन्या थ्रीडीएसला मात्र कुलूप आहे, ते विसरू नका.

आईबाबांनी काय करायचं?

पहिले दोन तास शेजारी बसायचं. पडद्यावरचं जर्मन त्याला मोठ्याने वाचू द्यायचं आणि आपण मराठीत विचारायचं, 'म्हणजे काय झालं?' सांगताना शब्द लागतात : खडक, बर्फ, विष, भूत, पोलाद. खेळातले 18 प्रकार म्हणजे असे साधे शब्दच. गणितही आपोआप येतं. पिकाचूच्या विजेचा पाण्याच्या प्राण्यावर दुप्पट परिणाम होतो. गाराडोस पाण्याचाही आणि उडणाराही, म्हणून दोनदा दुप्पट, चौपट. आणि जमिनीच्या ओनिक्सवर शून्य. शून्याने गुणलं की शून्य, हे पाठ करायला मी मुलांमागे वर्षानुवर्षं लागले आहे. ओनिक्स ते एका डावात शिकवतो.

वेळेचं बंधन हवंच, पण घड्याळाच्या काट्यावर खेळ ओढून घेऊ नका. या खेळात जतन केल्यावर थांबायचं असतं; 'जतन कर आणि दहा मिनिटांत बंद' असं सांगितलं तर भांडण टळतं. विकत घेण्याआधी शहराच्या वाचनालयात चौकशी करा. जर्मनीतल्या पुष्कळ वाचनालयांत पुस्तकांसोबत खेळही उसने मिळतात. दोन आठवड्यांत मुलाला तो आवडतो की नाही ते कळतं.

आणि यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला येताना स्विच घरी ठेवून या असं मुलांना सांगू नका. फराळ आणि नाच-गाणी झाली की हॉलच्या एका कोपऱ्यात त्यांना बसू द्या. कुणाकडे कार्मेझिन असेल, कुणाकडे पुर्पुर. कुणी नुकताच भारतातून आलेला, इंग्रजी नावं घेणारा असेल. अदलाबदल करायला त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल, आणि कोणत्या भाषेत ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तक्ता तेवढा खिशात असू द्या.