ह्यांना गळाचा नाद लागला, तर…

मैत्रिणींनो, नवऱ्यांचे छंद आपण काय कमी पाहिलेत? कुणाला पत्ते, कुणाला क्रिकेट, कुणाला भजनी मंडळ. पण दौंडला किंवा शिरूरला राहायचं आणि छंद काय, तर समुद्रातले मासे गळानं धरण्याचा! समुद्र इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. आपल्या दाराशी भीमा आणि घोड. घोड दौंडच्या वरच्या अंगाला भीमेत शिरते, भीमा पुढं कृष्णेला मिळते आणि ते पाणी जातं थेट पूर्वेच्या समुद्राला. आपली ही मंडळी मात्र उलट्या दिशेला, ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे निघतात. शनिवारी रात्री गाडी भरायची आणि रविवारी रात्री चिंब, काळवंडलेल्या चेहऱ्यानं परत यायचं.

सुरुवात बहुधा घरच्या नदीवर होते. कोणी रेल्वेतले, कोणी राखीव पोलीस दलातले, कोणी दुकानदार असे पाच-सहा जण संध्याकाळी भीमेच्या काठी गळ टाकायला जमतात. डब्यातली कणीक अचानक कमी व्हायला लागली, की समजावं ती गळाला आमिष म्हणून लागतेय. भीमेचे मासे काही ऐरेगैरे नाहीत हं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात दख्खनच्या माशांची यादी केली. दौंडजवळच्या पेडगावची भीमा तिच्यात आहे, आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यानं तशीच्या तशी शास्त्रात नेली. खुदरी, नुक्ता, फुलुंगी, रोहटी ही नावं आज जगभरच्या पुस्तकांत आहेत. आता मात्र पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. त्याच्या खालच्या पाण्यात फेस दिसत असेल, तर तिथला मासा लहान मुलांच्या ताटात वाढू नका. आणि धरणातली मासेमारी बहुधा ठेक्यानं किंवा सहकारी संस्थेकडे दिलेली असते, म्हणून तिथं गळ टाकण्यापूर्वी परवानगी विचारायची असते, एवढं ह्यांच्या कानावर घालून ठेवा.

नदीवर हात बसला, की मग कोणीतरी जिताड्याचा फोटो दाखवतो आणि समुद्राचं वेड सुरू होतं. जिताडा, तांबोशी, गोब्रा, रावस ही नावं घरात भाजीच्या यादीसारखी ऐकू यायला लागतात. कोकणात ह्या कामाला ‘गरवणं’ म्हणतात, गळाला ‘गरी’ आणि नायलॉनच्या पारदर्शक दोरीला ‘तंगूस’. आपल्याकडे मात्र सगळं रॉड आणि रीळ.

खर्चाचं आधी बोलू, कारण भांडण तिथंच होतं. सुरुवातीचा बरा रॉड-रीळ संच दोन-तीन हजारांत येतो. तो एकदाच येतो, म्हणून त्याला फार बोलू नये. पैसा गळतो तो नकली माशांवर. रंगीत, चकचकीत, डोळे काढलेला हा खोटा मासा दोनशेपासून पाच-सहाशेपर्यंत असतो आणि खडकात अडकला की गेला! एका सकाळी तीन गेले, तर तेवढ्यात बाजारातून सुरमई आली असती. माझं मत विचाराल, तर महिन्याची रक्कम ठरवून टाका आणि तिचा हिशेब ह्यांनाच लिहू द्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा माणूस नीट वाचतो.

आता मोरीकडे या. रविवारी रात्री सगळं सामान तिथं येऊन पडतं आणि ‘उद्या बघू’ म्हणून तसंच राहतं. तो ‘उद्या’च रीळ खातो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला कसं पाणी सुटतं ते तुम्हाला सांगायला नको. समुद्राचं मीठ रिळाच्या दात्यांत बसलं, की तेही हवेतला ओलावा असंच ओढतं. दौंडची हवा कोरडी, म्हणून उन्हाळाभर काही कळत नाही. जूनमध्ये रीळ फिरवायला जावं, तर आतून करकर आणि बाहेर पांढरी बुरशीसारखी पूड! म्हणून आल्या रात्रीच सामान धुवायचं. पाण्याची टंचाई असली तरी अर्धी बादली पुरते. रीळ बादलीत बुडवायचं मात्र नाही, आणि नळाच्या जोराच्या धारेखालीही धरायचं नाही, त्यानं मीठ उलट आत जातं. रिळावर दोरीचा ताण कमी-जास्त करायची जी चकती असते, ती आधी घट्ट आवळायची, म्हणजे तिच्यातून पाणी आत शिरत नाही. मग तांब्यानं हलकं पाणी सोडायचं, जुन्या मऊ सुती कापडानं टिपायचं, सावलीत वाळवायचं. वाळल्यावर ती चकती सैल करायची आणि दांड्याच्या सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच! रॉडवरच्या कड्यांतून ओलं फडकं फिरवायचं, कारण कड्यात मिठाचा खडा राहिला तर पुढच्या वेळी तो दोरी कातरतो. वापरलेला गळ ओला असताना डबीत टाकला, तर डबीतले नवे गळसुद्धा गंजतात. आणि हे सगळं कोणी करायचं? ज्यानं मासे धरले त्यानं! तुम्ही फक्त कापड आणि तेलाची बाटली कुठं आहे ते दाखवायचं.

यापुढचं मात्र गमतीत घेऊ नका. दोरी खोल जावी म्हणून तिला शिशाची वजनं लावतात. विकतची परवडत नाहीत म्हणून काही हौशी मंडळी जुनं शिसं घरी वितळवून साच्यात ओततात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे गॅसच्या शेगडीवर सहज! एखादं जुनं पातेलं किंवा कढई मागितली जाते, आणि आपण ‘घ्या, टाकाऊच आहे’ म्हणून देतो. देऊ नका. शिशाची वाफ आणि बारीक धूळ ओट्यावर, भांड्यांवर, पडद्यांवर बसते आणि डोळ्यांना दिसत नाही. पोटातल्या बाळाला आणि रांगणाऱ्या मुलाला शिसं फार थोड्या प्रमाणातही बाधतं. मुलाची वाढ आणि बुद्धी यांवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. एकदा शिसं वितळवलेलं भांडं पुन्हा खाण्याच्या कामाला आणायचं नाही, कितीही घासलं तरी. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं तर त्याहून वाईट, त्यात आम्लही असतं. शिशाची बारीक मणीवजा वजनं दातानं दाबून दोरीला बसवायची सवय अनेकांना असते, तीही मोडा. मुलांनी ती वजनं गोट्या म्हणून खेळायला घेऊ नयेत, म्हणून झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर ठेवा. हाताळल्यावर साबणानं हात, मग जेवण. घरात कोणाला दिवस गेले असतील, तर शिशाचा उद्योग घरात नकोच, हे सासूबाईंच्या तोंडून सांगितलेलं बरं पडतं, त्यांचं ऐकतात!

गळ रुतला तर? गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, म्हणून तो मागं ओढायचा नाही, मांस फाटतं. दोरी कापून टाका, गळ हलू न देता पट्टी बांधा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवून सांगा. डोळ्याजवळ रुतला असेल, तर हातही लावू नका, वरून एक कागदी पेला उलटा ठेवून तो चिकटवा आणि थेट डॉक्टरकडे. समुद्रातल्या शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, त्यानं कळ उतरते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या हातानं पाहायचं. मग डॉक्टर आहेतच.

खरी काळजी असते ती खडकांवर उभं राहण्याची. देशावरच्या माणसाला भरती-ओहोटी कळत नाही, त्याला नदीचा पूर कळतो. पूर दिसतो, आवाज देतो. भरती मात्र मागून गुपचूप येते, आणि जाताना ज्या खडकावरून कोरड्या पायानं गेलो, परतताना तिथं कमरेइतकं पाणी असतं. ह्यावर एक उपाय आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलेला आहे, तो म्हणजे तिथीचं कॅलेंडर! कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून छापील वेळापत्रक पाहायचंच, पण अंदाज यायला हे पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास ‘भांग’, पाणी बेताचं. चतुर्थीचा उपवास धरणारीला आणि एकादशीला साबुदाणा भिजवणारीला हा हिशेब दौंडला बसूनही करता येतो. ह्यांनी ‘रविवारी चाललोय’ म्हटलं, की तुम्ही नुसतं विचारा, “मग भरती किती वाजता?” उत्तर आलं नाही, तर जाणं पुढच्या रविवारी.

आपल्या इथल्या मंडळींनी नुसतं ‘ग्रुप’ म्हणून न राहता चार गोष्टी कागदावर आणल्या तर फार बरं होईल. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची ब्रिटिश अमदानीपासूनची संस्था आहे. इतकं मोठं काही नको. वर्गणीतून नकली मासे आणण्याआधी प्रत्येकाला तरंगणारं जाकीट आणावं. होडीत बसण्यापूर्वी ते अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. खडकावर एकट्यानं जायचं नाही, आणि बाटली तर नाहीच. जिथं उतरणार त्या घराचा फोन नंबर प्रत्येकाच्या घरी लिहिलेला असावा. दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बऱ्याच माशांची वीण असते आणि समुद्रही खवळलेला असतो. बंदी यांत्रिक होड्यांना आहे, आम्ही तर खडकावरून टाकणार, असा युक्तिवाद ऐकायला मिळेल. पावसाळी लाट हा युक्तिवाद ऐकून घेत नाही.

तुटलेली तंगूस खिडकीतून किंवा काठावर फेकू देऊ नका. भिगवणच्या पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या पायात ती अडकते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाका.

राहिला मासा. तो आणतात मोठ्या दिमाखात, पण खडकावरून दौंडपर्यंत पोचायला सहा-सात तास जातात, हे विसरतात. सुरमई, बांगडा, कुपा ह्या जातीचे मासे उन्हात राहिले, तर त्यांच्यात असं द्रव्य तयार होतं, की जे तळूनही जात नाही, उकळूनही जात नाही. मासा दिसायला ठीक, वासही फारसा नाही, आणि जेवल्यावर तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, अंगाला खाज! लोक म्हणतात, ‘मासा बाधला.’ मासा नाही, ऊन बाधलं. श्वास लागला, तर घरी वाट पाहत बसू नका. म्हणून थर्माकोलची पेटी आणि माशाच्या वजनाइतका बर्फ निघतानाच बरोबर हवा. मासा धरल्याबरोबर बर्फात, पोट साफ करायचं ते तिथंच. वितळलेलं पाणी अधूनमधून काढून टाकायचं. पेटी उघडल्यावर मासा हाताला गार लागला नाही, तर तो कितीही कौतुकाचा असला तरी घरात शिजवू नका.

आणि हो, तुम्हीही एकदा बरोबर जा की. बायकांनी गळ धरू नये असं कुठं लिहिलेलं नाही. कोकणातल्या बायका ओहोटीला खडकावर उतरून कालवं काढतात, वाळूत तिसऱ्या वेचतात, आणि पाणी कधी वळणार ते त्यांना घड्याळाशिवाय कळतं. मुलं बरोबर असतील, तर गळ फेकणाऱ्याच्या मागं कोणी उभं राहायचं नाही, एवढं आधी बजावून ठेवा. दुपारचा डबा कोरडा न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. खारट हातानं खायला तेवढंच बरं लागतं.